रिव्हॉल्व्हर चांगला, होल्स्टर घातक: आचारसंहिता आणि पावसाळा पाहिल्यानंतरचा अनुभव

लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता 6 जून 2024 रोजी उठली आणि निवडणुकीपुरता पोलीस ठाण्यात जमा करावा लागलेला माझा .32 बोअरचा (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचे माप) रिव्हॉल्व्हर परत मिळाला, तेव्हा नळीच्या एका बाजूला आणि सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या नळकांड्याच्या, खाचांमध्ये तांबूस ठिपके धरलेले होते. ठाण्यातल्या कपाटाला दोष देण्यापूर्वी मी ठिपक्यांच्या जागा नीट पाहिल्या. शस्त्र ज्या होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेला लावायच्या चामडी म्यानात, ठेवलेले असायचे, त्याचे चामडे पोलादाला जिथे घट्ट चिकटून बसत होते नेमका तिथेच गंज होता, आणि मुठीजवळचा उघडा भाग स्वच्छ होता. त्यामुळे हा अभिप्राय शस्त्राचा असला, तरी त्यातला बराचसा राग होल्स्टरवर निघणार आहे.

पेट्रोल पंपाची रोकड घेऊन कोकणातल्या निर्मनुष्य रस्त्याने जावे लागते, हे माझ्या परवान्याच्या अर्जातले कारण होते. निवडीला फारसा वाव नसतो, कारण 9 मिमी हा प्रतिबंधित बोअर असल्याने सामान्य परवानाधारकाची निवड बहुधा .32 वर येऊन थांबते, आणि ऐंशीच्या दशकात आयात बंद झाल्यापासून जुन्या परदेशी पिस्तुलांचे भाव ऐकूनच माणूस दुकानाबाहेर पडतो. मी देशी बनावटीचा रिव्हॉल्व्हर घेतला, तोही लाखाच्या वर गेला. पिस्तूल सपाट असते आणि शर्टाखाली सहज लपते हे मान्य आहे. पण वर्षातले बहुतेक दिवस नुसतेच भरून बाळगायचे शस्त्र असेल, तर मॅगझिनच्या (पिस्तुलातल्या काडतुसांच्या कप्प्याच्या) स्प्रिंगची चिंता नसलेला आणि एखादे काडतूस फुसके निघाल्यास पुन्हा चाप ओढला की पुढचे काडतूस समोर आणणारा रिव्हॉल्व्हर मला अधिक भरवशाचा वाटतो. नवख्यांनी एवढे मात्र ध्यानात ठेवावे की रिव्हॉल्व्हरचे .32 काडतूस आणि पिस्तुलाचे .32 काडतूस ही दोन वेगळी काडतुसे आहेत, आणि दुकानदाराने घाईत दुसरीच पेटी पुढे सरकवली तर परवान्यावर नोंद होण्याआधीच ती परत करावी.

परवान्याच्या बाबतीत माझी तक्रार अपेक्षेपेक्षा कमी आहे. अर्ज, वैद्यकीय व मानसिक आरोग्याचे प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, पोलिसांचा चौकशी अहवाल, हे सारे यथावकाश झाले. ‘यथावकाश’ या शब्दात काय काय मावते ते अनुभवी लोकांना सांगायला नको. 2016 च्या शस्त्र नियमांनी आणलेले सुरक्षा प्रशिक्षण मी निव्वळ सोपस्कार समजून गेलो होतो, परंतु शस्त्र हातात घेताच ते रिकामे आहे की नाही हे स्वतः तपासण्याची आणि चापावर बोट न ठेवण्याची सवय तिथेच लागली. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, ही माझ्यासारख्या नूतनीकरणाच्या रांगेला कंटाळणाऱ्याची सोय आहे. त्याच दुरुस्तीने माणशी तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, पण माझे एकच शस्त्र सांभाळता सांभाळता नाकी नऊ आले असल्याने त्याचे दुःख नाही.

सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेले असावे, असे 2016 चेच नियम सांगतात. म्हणजे होल्स्टर ही हौसेची वस्तू उरत नाही, आणि बंदुकीच्या दुकानात ती मिठाईच्या खोक्यासारखी वरून दिली जाते. सुरुवातीचे काही आठवडे माझा सगळा रोष वजनावर होता. सातशे ग्रॅमच्या आसपासचे पोलाद कमरेला घेऊन गाडीत बसले की मूठ बरगडीत रुतायची आणि उतरताना शर्ट वर सरकायचा. जाड, दुपदरी शिवलेला पट्टा आणि एक माप मोठा, सैल शर्ट घेतल्यावर ते वजन जाणवेनासे झाले, म्हणून वजनाची तक्रार मी मागे घेतो.

होल्स्टरची तक्रार मात्र दिवसेंदिवस वाढतच गेली. कमावलेल्या चामड्यात कमावण्याच्या प्रक्रियेतले क्षार राहतात, शिवाय ते अंगाचा घाम आणि हवेतला दमटपणा शोषून धरते, आणि आमच्याकडच्या हवेत ते पुन्हा कोरडे होतच नाही. बंद पट्टीच्या पितळी बटणावर हिरवट कळंक चढतो आणि तो पुढे शर्टाला लागतो. आतल्या बाजूला जुलैमध्ये बुरशी आली, ती पुसली, पुन्हा आली. ज्या वस्तूचे काम शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे, तीच त्याला खात असेल तर तिची फुकट किंमतही जास्तच म्हणायची. आता दिवसा कडक प्लॅस्टिकचे होल्स्टर वापरतो, आणि रात्री शस्त्र रिकामे करून, तेलाचा पातळ हात फिरवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कुलुपबंद पेटीत ठेवतो. शिवणयंत्राचे तेल त्यासाठी पुरते. छोट्या बाटलीतल्या महागड्या परदेशी तेलाने काही वेगळे घडलेले मला दिसले नाही. ठिपके बारीक पोलादी लोकर आणि तेल यांनी निघाले, पण तिथली निळसर झिलई गेली ती गेलीच.

जमा करण्याच्या पद्धतीबद्दलही लिहिले पाहिजे. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार प्रत्येक परवानाधारकाची पार्श्वभूमी छाननी समितीने पाहून मग कोणाचे शस्त्र जमा करायचे ते ठरवायचे असते. प्रत्यक्षात मला सरसकट वाटावी अशी छापील नोटीस आली. रोकड नेण्याचे कारण मान्य करून परवाना द्यायचा आणि रोकड काही थांबत नसताना शस्त्र काढून घ्यायचे, यातला विरोधाभास मी लेखी कळवला, त्याचे उत्तर आले नाही. पावतीवर क्रमांक आणि काडतुसांची संख्या होती, शस्त्राच्या स्थितीबद्दल एक शब्दही नव्हता.

विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबर 2024 रोजी लागली, तेव्हा मी वेगळी वाट धरली. शस्त्र कायद्यानुसार पोलीस ठाण्याऐवजी परवानाधारक विक्रेत्याकडेही शस्त्र जमा करता येते. विक्रेता त्याचे भाडे घेतो आणि ते देताना माझा हात जड झाला, तरी तेल लावलेल्या सुती कापडात गुंडाळून, होल्स्टर घरीच ठेवून, ‘गंज नाही’ असे पावतीवर लिहून घेऊनच मी रिव्हॉल्व्हर त्याच्या हवाली केला. निकालानंतर तो जसाच्या तसा परत आला. चामड्याचे होल्स्टर कोणाला फुकट हवे असल्यास न्यावे, फक्त त्यात पोलाद ठेवू नये.