लोशन: वासाचं, 'नैसर्गिक' की बिनवासाचं?

थंडी पडली की सांगलीत पोटऱ्यांवर पांढरी रेघ उठते. परवा गणपती पेठेतून धाकट्या जावेचा फोन आला, "ताई, तीन बाटल्या समोर आहेत, कुठली घेऊ?"

पहिली जाईच्या वासाची. बाटलीमागच्या घटकांच्या यादीत हेक्झिल सिनामल, म्हणजे एक सुगंधी द्रव्य. हा घटक कॅमोमाइलच्या तेलात थोडा सापडतो, पण बाटलीत येतो तो कारखान्यातूनच. त्वचा मऊ करणं हे त्याचं काम नाही, ते ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेलीचं. हा फक्त मूळ मिश्रणाचा तेलकट वास झाकतो. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, थोड्यांना ॲलर्जी होते. म्हणून युरोपात अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये तो ०.००१ टक्क्याहून जास्त असेल तर नाव छापावंच लागतं. साबण-शाम्पू धुऊन जातात, त्यांना ०.०१ टक्क्यापर्यंत सूट.

कृत्रिम म्हणून सगळे एका माळेचे मणी नव्हेत. लिलियल या सुगंधी घटकावर प्रजननक्षमतेला धोका म्हणून युरोपने मार्च २०२२ पासून बंदी घातली. हेक्झिल सिनामलवर तशी बंदी नाही. घरातल्या जुन्या बाटलीवर 'ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल' दिसलं, तर ते लिलियलच. मी अशी बाटली टाकून देईन.

दुसरी बाटली 'केमिकल नाही' म्हणणारी, लॅव्हेंडर आणि संत्र्याच्या तेलाची. आपण फसतो ते इथे. त्या तेलांतली लिनालूल आणि लिमोनीन ही सुगंधी द्रव्यं हवा लागून जुनी झाली की जास्त ॲलर्जी करतात. युरोपात हेक्झिल सिनामलसारखी हीही नावं छापावी लागतात. कुंकवाने कपाळ उठलेल्या बायका आपण पाहिल्यात, तरी 'नैसर्गिक' वाचलं की निर्धास्त होतो. ही घेतलीच तर लहान बाटली घ्यावी, झाकण घट्ट लावावं आणि लवकर संपवावी.

तिसरी बिनवासाची. इथे शब्द नीट वाचायचा: 'फ्रॅग्रन्स फ्री' हवं. नुसतं 'अनसेंटेड' असेल तर वास मारायला सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं.

जावेला इसब आहे, लेक आठ महिन्यांची आणि दोघींना एकच बाटली लागणार. तिला मी तिसरीच घ्यायला सांगितली. सासूबाई मात्र वर्षानुवर्षं जाईच्या वासाचं लावतात, कधी पुरळ नाही, त्यांचं बदलायचं कारण नाही.

कुठलीही घेतली तरी आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून बघायचं. ॲलर्जीचं पुरळ लगेच उठतंच असं नाही, दोन दिवसांनीही उठतं.