जीपच हवी, पण कोणती? कंपास आणि थार, शेजारीशेजारी

जीप घ्यायचं मनाशी पक्कं केलेल्या माणसाला महाराष्ट्रात आज दोन शोरूमच्या पायऱ्या चढाव्या लागतात. एका शोरूमच्या पाटीवर जीप हे नाव आहे, गाडीच्या नाकावर सात उभ्या खाचांची जाळी आहे आणि गाडी पुण्याजवळ रांजणगावला तयार झालेली आहे. दुसरीकडे ते नाव कुठेच दिसत नाही. पण तिथल्या गाडीला सपाट नाक आहे, अंगाबाहेर आलेले मडगार्ड आहेत, गोल दिवे आहेत आणि गिअरच्या बाजूला फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना ताकद देण्याचा, वेगळा दांडा आहे. ही नाशिकच्या कारखान्यातली. पहिली जीप कंपास, दुसरी महिंद्र थार. दोघींचं मूळ अमेरिकेतल्या एकाच लष्करी गाडीत आहे, तरी रोजच्या वापरात त्या एकमेकींपासून इतक्या लांब आहेत की चुकीची घेतली तर मालक वर्षभरात वैतागतो.

माझं मत आधीच सांगतो. कुटुंब घेऊन हमरस्त्यावर भरपूर फिरणाऱ्याने, अधिकृत सर्व्हिस सेंटर जवळ असेल तर, वापरलेली डिझेल कंपास घ्यावी. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने आणि शेताच्या वाटेने जाणाऱ्याने थार घ्यावी. कारणं पुढे येतीलच, पण त्याआधी इतिहास थोडा सविस्तर सांगणं भाग आहे. नाव एकीकडे आणि रूप दुसरीकडे असं का झालं, हे त्यातूनच कळतं.

१९४० साली अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना ताकद देणारी टेहळणी गाडी हवी होती. १३५ कंपन्यांना विचारणा गेली आणि मुदत इतकी कमी होती की बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. पेनसिल्वेनियातल्या बटलर गावच्या अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावलं आणि ४९ दिवसांत नमुना बनवून लष्कराच्या हवाली केला. पण लढाईला लागणाऱ्या संख्येने गाड्या बनवणं बँटमच्या आवाक्याबाहेरचं होतं. मोठी कामं ओहायो राज्यातल्या टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडला आणि फोर्डला मिळाली. विलीजकडे बार्नी रूस या अभियंत्याने तयार केलेलं ६० अश्वशक्तीचं 'गो डेव्हिल' इंजिन होतं आणि त्या जोरावर त्यांचा आराखडा प्रमाण ठरला. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. कल्पना प्रत्यक्षात उतरवणारी बँटम पुढे ट्रेलर बनवत राहिली. या साऱ्या कथेत मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते या कंपनीचं.

युद्ध संपल्यावर विलीजने १९४५ मध्ये नागरी जीप काढली, सीजे २ ए. शेतकऱ्यांनी ती नांगराला, पंपाला, ओझ्याला लावावी अशी कंपनीची जाहिरात होती. त्यानंतर कंपनी हातोहात फिरली. १९५३ मध्ये कायझर, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्स, १९८७ मध्ये क्रायस्लर, मग डेमलरशी घरोबा, २००९ च्या दिवाळखोरीनंतर फियाट, आणि २०२१ पासून स्टेलँटिस. एवढे मालक बदलले तरी जीप हे नाव टिकलं. रँग्लरसारख्या एखाद्या गाडीत जुना बाज राखला गेला आणि बाकीच्या गाड्या हळूहळू कुटुंबाच्या झाल्या. कंपास ही त्या दुसऱ्या घरातली.

आता मुंबईकडची बाजू. महिंद्र बंधूंनी १९४७ पासून विलीज जीप सुट्या भागांतून जोडायला सुरुवात केली. माझगावला जोडणी होत असे. पुढे सीजे ३ बी इथेच बनू लागली आणि मूळ अमेरिकी कारखान्यात ते मॉडेल बंद पडल्यावरही आपल्याकडे तीच घडण वर्षानुवर्षं चालू राहिली. तहसीलदार, फौजदार, वनखातं, साखर कारखान्याचा शेतकी अधिकारी, सगळ्यांच्या दारात तीच. पेट्रोल परवडेना तेव्हा प्यूजोच्या परवान्याचं डिझेल इंजिन इगतपुरीत बनू लागलं आणि एमएम ५४० सारख्या गाड्या आल्या. कमांडर आणि मार्शल वडापच्या धंद्यात गेल्या. सातारा-कोल्हापूरकडच्या माणसाला 'जीपने आलो' म्हणताना डोळ्यांपुढे येते ती हीच गाडी. थार २०१० मध्ये आली आणि पूर्ण नवी थार २ ऑक्टोबर २०२० रोजी. म्हणजे विलीजपासूनची सलग रेघ ओढायची झाली तर ती टोलेडोहून नाशिकला येते, रांजणगावला नाही.

यावरून न्यायालयीन वादही झाला. महिंद्रने अमेरिकेत फक्त रस्त्याबाहेर वापरायची रॉक्सर ही गाडी काढली, तेव्हा २०१८ मध्ये जीपच्या मालक कंपनीने तिथल्या व्यापार आयोगाकडे धाव घेतली. रॉक्सरचं रूप जीपच्या ओळखीवर घाला घालतं असा निकाल २०२० मध्ये लागला आणि महिंद्रला पुढचा चेहरा बदलावा लागला. कायद्याने नाव आणि चेहरा कुणाचा हे ठरलं. पण गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने या निकालाला काही किंमत नाही. सात खाचा पाहून पैसे मोजू नका.

अधिकृत जीप भारतात ऑगस्ट २०१६ मध्ये आली ती आयात केलेल्या महागड्या गाड्यांनी. खरी सुरुवात कंपासने झाली. ३१ जुलै २०१७ ला १४.९५ लाखांपासून किंमत जाहीर झाली आणि लोक थक्क झाले. रांजणगावच्या टाटा-फियाट संयुक्त कारखान्यात बनलेली ही गाडी जपान, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनलाही गेली. इंजिनं दोन होती. एक २ लिटर डिझेल, १७३ अश्वशक्तीचं, आणि दुसरं १.४ लिटर टर्बो पेट्रोल, १६३ अश्वशक्तीचं. पेट्रोल २०२३ मध्ये बंद झालं.

या दोनांत निवड करायची तर डोळे मिटून डिझेल घ्या. त्याच घराण्यातलं २ लिटर इंजिन टाटा हॅरिअर आणि एमजी हेक्टरमध्येही आहे, त्यामुळे ते ओळखणारे मेकॅनिक जास्त सापडतात. पेट्रोल ऑटोमॅटिकबद्दल मालक दोनच गोष्टी सांगतात. शहरातलं ॲव्हरेज जीव घेतं आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्सच्या दुरुस्तीची धास्ती कायम असते. ती बाजारात स्वस्त मिळते त्याचं कारणही हेच. मात्र २०१९ मध्ये कंपासची ट्रेलहॉक ही आवृत्ती येईपर्यंत डिझेल ऑटोमॅटिक नव्हतीच. म्हणजे त्याआधीचं डिझेल घ्यायचं तर क्लच दाबायची तयारी हवी.

कंपास चालवणाऱ्यांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते: गाडी रस्त्याला धरून राहते. दार लावलं की भरीव आवाज येतो, खड्ड्यातून गेली तरी अंग खडखडत नाही आणि समृद्धीवर १२० च्या मर्यादेपर्यंत नेली तरी स्टिअरिंगवर हात निवांत असतो. युरो एनसीएपीच्या, म्हणजे गाडी धडकवून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या, २०१७ च्या चाचणीत कंपासला पाच तारे होते. वरंधा किंवा आंबोलीच्या वळणांवर उंच गाडी झुलते म्हणून ज्यांच्या घरी कुणाला मळमळतं, त्यांनी ही एकदा घाटात चालवून पाहावीच.

तक्रारीही ठरलेल्या आहेत. मागच्या सीटवर तीन मोठी माणसं अंग चोरून बसतात. तेवढ्याच पैशांत इतर कंपन्यांकडे जास्त ऐसपैस गाडी मिळते. सर्व्हिसचं बिल त्याच किमतीच्या देशी गाडीपेक्षा जड असतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जाळं लहान. पुणे, मुंबई, नागपूरच्या माणसाला ते जाणवणार नाही. पण परभणी, वाशीम किंवा देवगडच्या मालकाला किरकोळ सेन्सरसाठी शे-दोनशे किलोमीटर गाडी न्यावी लागू शकते, आणि धडक होऊन पत्र्याचा किंवा दिव्याचा भाग लागला तर वाट पाहावी लागते.

त्यातच मनात एक भीती असते: ही कंपनी टिकेल का? ती निराधार नाही. शेवरोले विकणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली आणि तळेगावचा कारखाना २०२० च्या डिसेंबरात बंद केला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. जीपची गोष्ट थोडी वेगळी आहे. रांजणगावला इंजिनांसह उत्पादन आहे, २०२१ च्या सुरुवातीला २५ कोटी डॉलरची गुंतवणूक जाहीर होऊन रँग्लरची जोडणी, सात आसनी मेरिडियन आणि ग्रँड चेरोकी त्यातूनच आल्या. तरीही विकताना गिऱ्हाईक हीच भीती पुढे करून भाव पाडतं, हे धरूनच चालायला हवं. म्हणून मी नवी नव्हे, वापरलेली कंपास सुचवतो. किंमत पडण्याचा मोठा टप्पा पहिल्या मालकाने सोसलेला असतो.

थारचं गणित नेमकं उलट आहे. वापरलेली थार स्वस्त मिळत नाही, म्हणून तिथे शक्यतो नवीच घ्यावी. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याजिल्ह्यात आहे आणि बोलेरो-स्कॉर्पिओवर हात बसलेला मिस्त्री तालुक्याला असतोच. चासीवर बसवलेली बॉडी, २२६ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता आणि चारही चाकांना ताकद वाटून देणारा, चिखल-चढासाठी संथ पण जोरकस लो गिअर असलेला खराखुरा ट्रान्सफर केस. कंपासचा ग्राउंड क्लिअरन्स १७८ आहे आणि तिची फोर बाय फोर यंत्रणा संगणकाच्या हाती आहे. निसरड्या घाटात ती उत्तम काम करते. मात्र काळ्या मातीची पाणंद जुलैत गुडघाभर खोल झाली की तिथे थारच लागते.

तीन दारांच्या थारच्या मालकांना विचारा, ते गाडीवर जीव टाकतात आणि लगेच सांगतात की आईला मागे बसवता येत नाही. पुढची सीट सरकवून चढावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जमत नाही. मागची सीट वापरात असेल तर सामानाला जागा जवळजवळ नाही. खराब रस्त्यावर ती उसळते आणि वेग वाढला की वारा कानात बोलतो. ज्यांच्या घरी दुसरी गाडी आहे त्यांना हे खटकत नाही. एकुलती एक गाडी म्हणून घेणाऱ्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली पाच दारांची थार रॉक्स पाहावी, तिला भारत एनसीएपीचे पाच तारे आहेत. तीन दारांच्या थारला २०२० मध्ये ग्लोबल एनसीएपीचे चार होते. आणखी एक सावधगिरी: रिअर व्हील ड्राइव्हची १.५ डिझेल थार किमतीला हलकी आहे, पण तिला फोर बाय फोर नाही. शेतासाठी घेत असाल तर तो पर्याय खोडूनच टाका.

थार घेऊन समुद्राच्या वाळूत शिरण्याची जी लाट आली आहे तिच्याबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. खारं पाणी चासी, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग सगळं खातं. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं हा गुन्हा आहे, आणि कोकणात भरतीच्या पाण्यात रुतलेली गाडी काढायला गावकऱ्यांचे ट्रॅक्टर लागतात. कासवांची घरटी असलेल्या वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत तर चाक जाऊच नये. ताकदवान गाडी हाती आली म्हणून ती कुठेही न्यायचा परवाना मिळत नाही.

या दोघींना बाजूला सारून जुनीच जीप हवी असणारेही पुष्कळ आहेत. सीजे ३ बी किंवा एमएम ५४० शोधून उभी करण्यात आनंद मोठा आहे, आणि यांत्रिक भाग अजून मिळतात. पण कागदांनी भल्याभल्यांना घाम फोडलाय. १५ वर्षांपुढच्या गाडीच्या नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झालं होतं, वर पर्यावरण कर आहेच. ५० वर्षांपुढच्या मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून २०,००० रुपयांत दहा वर्षांची नोंदणी मिळते, पण मग ती रोज रस्त्यावर आणता येत नाही. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या डबवालीहून नवीकोरी 'लँडी', म्हणजे तिथल्या गॅरेजांत सुट्या भागांतून बांधलेली जीप, आणायचा बेत असेल तर तो सोडून द्या. कारखान्याच्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी नोंदवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. इंजिन बदललेली जुनी जीप पाहायला गेलात तर आरसीवरचा इंजिन नंबर आणि इंधनाचा प्रकार आधी बघा.

राहिली वापरलेल्या कंपासची तपासणी. पावसाळ्यानंतर पाहणं उत्तम. कार्पेट उचलून ओल आणि गंज पाहा, अधिकृत सर्व्हिसची नोंद सलग आहे का बघा, कारण सर्व्हिसचं अंतर १५,००० किलोमीटरचं असल्यामुळे मालकाने एक जरी टाळली तरी मोठा खंड पडतो. या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला, की अजून बदलायचाच आहे, हे विचारा आणि बदलायचा असेल तर खर्च किमतीतून वजा करून घ्या. फोर बाय फोर असेल तर मागच्या एक्सलकडून गुरगुर येते का ते मोकळ्या रस्त्यावर काच खाली करून ऐका. आणि सौदा करण्याआधी तुमच्या घरापासून सर्वांत जवळच्या सर्व्हिस सेंटरला स्वतः जाऊन या, एखाद्या साध्या भागाचं नाव सांगून तो किती दिवसांत मिळेल ते विचारा. आठवड्याच्या आत म्हणाले तर गाडी घ्या. महिन्याच्या गोष्टी करू लागले तर नाशिकच्या गाडीकडे वळा.