‘एएफ सेन्सर गेलाय’: साताऱ्यातल्या एका फसवणुकीची पद्धत

साताऱ्यात एका पेट्रोल सेडानच्या मालकाकडून एअर-फ्युएल रेशो (एएफ) सेन्सर, म्हणजे एक्झॉस्टमधल्या वायूवरून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा सेन्सर, बदलल्याचे सव्वानऊ हजार रुपये घेतले गेले. सेन्सर बदललाच नव्हता. गॅरेजचं नाव देत नाही, पण पद्धत पूर्ण सांगतो, कारण चेक इंजिन लाईट लागलेल्या कुठल्याही गाडीवर ती चालते.

स्कॅनरवर बिघाडाचा कोड होता पी ०१७१. गिऱ्हाइकाला स्क्रीन दाखवली, सेन्सर गेल्याचं सांगितलं आणि संध्याकाळी लाईट बंद झालेली गाडी ताब्यात दिली. आठवड्याभरात लाईट परत लागली. मग उत्तर मिळालं, "आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच बदलावा लागेल." म्हणजे एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा भाग.

पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन, इंधनाच्या मानाने हवा जास्त. सेन्सर खराब आहे असं हा कोड म्हणतच नाही. सेन्सरला तापवणाऱ्या हीटर सर्किटचा बिघाड असेल तर पी ००३१, पी ००३२ किंवा पी ०१३५ येतो. सेन्सर लीनवर अडकल्याचा कोड पी २१९५, आणि तोसुद्धा हवेच्या खऱ्या गळतीमुळे येऊ शकतो.

लाईट का गेली, हे समजलं की सगळी चलाखी उघडी पडते. स्कॅनरने कोड उडवला की लाईट विझते, ईसीयूने (इंजिनच्या संगणकाने) शिकलेलं फ्युएल ट्रिम, म्हणजे इंधन कमी-जास्त करण्याची टक्केवारी, शून्यावर येतं आणि फ्रीझ फ्रेम, म्हणजे बिघाडाच्या क्षणाची नोंद, पुसली जाते. बहुतेक गाड्यांत हाच बिघाड लागोपाठ दोन ड्राइव्हमध्ये दिसल्यावरच लाईट परत लागते. तेवढ्यात पैसे दिलेले असतात आणि पुरावाही गेलेला असतो. म्हणून कोड उडवण्याआधी स्क्रीनचा फोटो घ्याच, फ्रीझ फ्रेमसकट.

या गाडीत खरा दोष काय होता? स्कॅनरच्या लाइव्ह डेटात लाँग टर्म ट्रिम (दीर्घकाळात शिकलेलं ट्रिम) आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, +२२ टक्के आणि २५०० आरपीएमला +५. आयडलला जास्त आणि रेस वाढवल्यावर कमी, ही न मोजलेली हवा आत येत असल्याची खूण. आयडलला मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम जास्त असतो आणि एकूण हवा थोडी, त्यामुळे छोटी गळतीही मोठी ठरते. पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातले वायू परत आत नेणारा, रबरी पाइप मॅनिफोल्डजवळ तडकला होता. उलट यवतेश्वर घाट चढताना लोडवर ट्रिम वाढत असेल, तर आधी फ्युएल प्रेशर, फिल्टर आणि मास एअर फ्लो (आत येणारी हवा मोजणारा) सेन्सर पाहावा. ‘ई२० पेट्रोलमुळे होतंय’ हेही हल्ली सर्रास सांगतात. ई२०ने, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने, ट्रिम काही टक्के वर सरकतं हे खरं, पण आयडलला +२२ आणि रेसला +५ हा फरक त्याने पडत नाही.

सेन्सर जिवंत आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. इंजिन गरम करा, लाइव्ह डेटात लॅम्बडा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, १ म्हणजे योग्य प्रमाण) लावा. अॅक्सिलरेटर झटक्यात दाबला की आकडा १च्या खाली, म्हणजे रिचकडे (इंधन जास्त) गेला पाहिजे. सोडल्यावर इंधन तुटतं तेव्हा लगेच लीनकडे. दोन्हीकडे चटकन हलत असेल तर सेन्सर बदलू देऊ नका. आणखी एक खोटं ऐकायला मिळतं: ‘व्होल्टेज वरखाली होत नाही, म्हणजे सेन्सर मेला.’ ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत झुलतो तो साधा ऑक्सिजन सेन्सर. एएफ सेन्सर स्थिर चालीत जवळपास स्थिरच असतो. हे माहीत नसलेला फिटर प्रामाणिक असला तरी तुमचे पैसे घालवतोच.

या गाडीच्या सेन्सरच्या षटकोनावर, म्हणजे पाना लागतो त्या भागावर, जुना गंज जसाच्या तसा होता, पान्याचा ओरखडाही नव्हता. म्हणून काम देण्याआधी षटकोनावर नेलपॉलिशचा ठिपका द्या, फोटो काढा आणि जुना सेन्सर परत मागा. नवा खोक्यासकट पाहा. पार्ट नंबर बिलावर असलाच पाहिजे. कनेक्टर कापून वायर जोडून टेप गुंडाळलेली दिसली, तर बहुधा लोकल युनिव्हर्सल सेन्सर बसवलाय. एएफच्या जागी साधा ऑक्सिजन सेन्सर चालत नाही, मिश्रण बिघडतं. काही वाइडबँड (एएफ प्रकारच्या) सेन्सरमध्ये कॅलिब्रेशनचा रेझिस्टर कनेक्टरमध्येच असतो, तो कापला की मापच चुकतं.

खरंच बदलायची वेळ आली, तर इंजिन कोमट असताना पेनिट्रेटिंग ऑइल मारून २२ मिमीच्या खाचेच्या सॉकेटने सोडवतात. आटे बहुधा एम१८ बाय १.५ असतात. नवा सेन्सर आधी हाताने फिरवून बसवायचा, मग मॅन्युअलच्या टॉर्कने, साधारण ४० ते ४५ न्यूटन-मीटर. अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) आट्यांवर बहुधा आधीच लावलेलं येतं. टोकाला ते लागता कामा नये. जवळपास सिलिकॉन सीलंटही नको, त्याच्या वाफेने सेन्सर खराब होतो.

पैसे गेलेच असतील, तर पक्कं बिल, स्क्रीनचे फोटो आणि दुसऱ्या गॅरेजचा लेखी अहवाल जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.