गचके तेच राहिले, १,८५० डॉलर मात्र गेले

टेक्सासमध्ये पिकअपला फिफ्थ व्हील ट्रेलर (पिकअपच्या हौद्यातल्या जोडणीला अडकवायचे फिरते घर) जोडून सहकुटुंब फिरणाऱ्या मराठी मंडळींपैकी आणखी कोणी माझ्यासारखे फसू नये, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आमचा ट्रेलर जुना घेतलेला. ह्यूस्टनहून सॅन अँटोनिओकडे जाताना इंटरस्टेट १० वर काँक्रीटचा भाग आला की सांध्यागणिक पिकअपला मागून हिसका बसे, आणि हे पुढे-मागे होणारे गचके इतके सतत असत की तासाभरात पत्नीची मान धरायची. एका दुरुस्तीवाल्याने ना वजन विचारले, ना हिच, म्हणजे पिकअपवरची जोडणी, तपासली. ट्रेलर नुसता बाहेरून पाहून "पिन बॉक्स बदलून एअरबॅगचा बसवा, गचके बंद होतील," असे छातीठोकपणे सांगितले. पिन बॉक्स म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा भाग; हिचमध्ये अडकणारी किंगपिन नावाची खीळ त्यालाच असते, आणि एअरबॅगच्या प्रकारात धक्के शोषायला हवेची पिशवी असते. नवा कोरा आणि आमच्या ट्रेलरच्या वजनाला साजेसा भाग देतो, या त्याच्या शब्दावर मी १,८५० डॉलर रोख मोजले. पावतीवर त्याने केवळ "दुरुस्ती" एवढेच लिहिले.

गचके कमी झाले नाहीत. एअरबॅगमधली हवा कमी-जास्त करूनही फरक पडेना, तेव्हा टॉर्च घेऊन नीट पाहिले. बोल्टच्या छिद्रांभोवती काळ्या रंगाखाली गंज होता, नखाने खरवडताच रंगाचा पापुद्रा निघाला, आणि वजनाची मर्यादा लिहिलेली पट्टी जिथे असते तिथे ग्राइंडरचे ओरखडे होते. ज्या भागाने ट्रेलर पिकअपला जोडलेला असतो, त्याची क्षमता ठाऊक नसताना मुलांना घेऊन मी ताशी ६५ मैलांनी गेलो, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

खरे कारण ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर कळले. नुसत्या पिकअपचे वजन ८,२४० पौंड भरले. ट्रेलर जोडल्यावर पिकअपच्या दोन्ही आसांवर ९,९४० आणि ट्रेलरच्या आसांवर १०,७०० पौंड आले. म्हणजे १२,४०० पौंडांच्या ट्रेलरचा किंगपिनवर पडणारा भार अवघा १,७०० पौंड, जेमतेम १४ टक्के होता. तो साधारण २० टक्क्यांच्या आसपास असावा लागतो. मागच्या बाजूची ६० गॅलन पाण्याची टाकी रिकामी केली, जनरेटर आणि अवजारे पुढच्या कप्प्यात हलवली, तेव्हा तो १८ टक्क्यांवर गेला आणि गचके निम्म्याने उतरले. उरलेला दोष हिचच्या जबड्यात होता: तो झिजून किंगपिनभोवती सैल झाला होता, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर पिन आत आपटत असे. दुसऱ्या मेकॅनिकने हिचचा जबडा बदलून ती ढिलाई काढली.

पिन बॉक्स घेणारच असाल, तर आधी वजन करा, त्याची भारमर्यादा पावतीवर लिहून घ्या, बसवण्यापूर्वी पट्टीचा फोटो काढा आणि रोख देऊ नका. मी पैसे मागायला गेलो, तेव्हा पावतीवर पिन बॉक्सचा उल्लेखच नाही, असे त्याने सांगितले. आमचा मूळचा, काहीही दोष नसलेला पिन बॉक्स तरी परत द्या म्हटले, तर तो भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले.