मरीन कोलॅजन, स्क्वालेन की शेवाळाचा मास्क: पैसे कशावर घालावेत?

डबीवर ‘मरीन’, म्हणजे समुद्रातलं, असं छापलं की किंमत चढते, आणि सगळ्यात जास्त चढते ती कोलॅजनची. त्वचेला घट्ट ठेवणारं हे प्रथिन माशांच्या कातडीतून आणि खवल्यांतून काढतात. त्याचा अख्खा रेणू सुमारे 3 लाख डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप); त्वचेच्या वरच्या थरातून साधारण 500 डाल्टनपर्यंतचेच रेणू सहज आत उतरतात. तुकडे केलेलं, म्हणजे हायड्रोलाइज्ड कोलॅजनही बहुधा हजारांच्या घरात असतं. त्यामुळे क्रीममधलं कोलॅजन सुरकुत्या आतून भरत नाही, वरच्यावर पातळ थर धरून ओलावा टिकवतं. ते काम ग्लिसरीन कितीतरी स्वस्तात करतं. माशांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर याच्या वाटेला जाऊच नये.

स्क्वालेन या हलक्या तेलावर मात्र पैसे घालायला हरकत नाही. आपल्या त्वचेच्या तेलातच सुमारे 12 टक्के स्क्वालीन असतं. ते हवेने लवकर खराब होतं, म्हणून हायड्रोजन जोडून टिकाऊ स्क्वालेन बनवतात. पूर्वी ते मुख्यतः शार्कच्या यकृतातून यायचं. आता ऑलिव्ह आणि उसापासूनही मिळतं. काम तेच करतं, मग शार्क कशाला? घटकयादीतल्या नावावरून मूळ कळत नाही, तेव्हा ‘वनस्पतिजन्य’ असं छापलेलं नसेल तर कंपनीला विचारा. चेहरा ओलसर असतानाच 2-3 थेंब लावा. तेल पाणी अडवतं, पुरवत नाही. कोकणातल्या दमट हवेत तेलकट त्वचेला एक थेंब पुरे.

शेवाळाचा सोलून काढायचा मास्क तपकिरी शेवाळातल्या अल्जिनेटचा, म्हणजे पाण्यात कालवल्यावर रबरासारख्या घट्ट होणाऱ्या पदार्थाचा असतो. प्रमाण पाकिटावर पाहा. साधारण 30 ग्रॅम भुकटीला 90 मिली थंड पाणी लागतं. मिनिटभर भराभर घोटून लगेच थापा. कॅल्शियममुळे तो घट्ट होतो, म्हणून बोअरचं कॅल्शियमवालं जड पाणी घेतलंत तर वाटीतच गोळा होईल, आरओ फिल्टरचं घ्या. कडा पातळ ठेवल्या की वाळून चिकटतात आणि सोलताना तुटतात. भुवयांना आधी व्हॅसलिन लावा, नाहीतर केस उपटून येतील. 15 मिनिटांनी सोला. उरलेला गोळा कचऱ्यात. बेसिनमध्ये ओतलात तर प्लंबर बोलवावा लागेल. त्वचा मऊ होते, पण काही तासांपुरतीच. लग्नाच्या आदल्या दिवशी ठीक, पण पहिल्यांदाच लावायचा तर तो दिवस निवडू नका.

क्रीम असो वा तेल, चेहऱ्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, 7 दिवस लावून पाहा. खाज किंवा लाली आली तर बाटली तिथेच थांबवा.