पिल्लू आणू की शेल्टरमधली बुजरी मोठी मांजर? दोन्ही सांभाळलेल्या बाईचं मत

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. घरात मांजर आणायचं नक्की झालंय, नवराही तयार आहे, सोसायटीतही कुणी काही बोलणार नाही, फक्त एवढंच ठरत नाहीये की पिल्लू आणायचं का शेल्टरमध्ये बघितलेली ती चार वर्षांची भाटी, जी पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसते आणि माणूस जवळ आला की भिंतीकडे तोंड करते. मी पुण्यात बरीच वर्षं फोस्टर करतेय, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत मांजरी माझ्या घरी सांभाळते, पिल्लंही सांभाळलीत आणि अशा बुजऱ्या मोठ्या मांजरीही, आणि हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, कारण तेव्हा सगळीकडे पिल्लंच पिल्लं असतात आणि मोठ्या मांजरींकडे कुणी बघतसुद्धा नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. दोघं नोकरी करणारे, घरात अगदी लहान मूल नाही, रोजचं वेळापत्रक साधारण ठरलेलं, अशा घराला बुजरी मोठी मांजर पिल्लापेक्षा सोपी जाते. पहिले तीन महिने मात्र जड जातात. काम काहीच नसतं खरं तर, पण काहीच घडत नाहीये असं वाटत राहतं आणि माणूस हिरमुसतो.

पिल्लू पहिल्या रात्री रडतं, दुसऱ्या दिवशी पडद्यावर चढतं, आणि आठवड्याच्या आत तुमच्या मांडीवर झोपलेलं असतं. बुजरी मांजर कॅरियर उघडला की थेट बेडखाली जाते आणि दिसेनाशी होते. रात्री दीड-दोनला ट्रेमधलं लिटर, म्हणजे शी-शूसाठीची वाळू, उकरल्याचा आवाज, सकाळी वाटी रिकामी, बस, एवढाच काय तो पुरावा. फोस्टर करणारे आम्ही ३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने असा एक ढोबळ हिशोब सांगतो: तीन दिवस भेदरलेली, तीन आठवड्यांत घराचे आवाज आणि वेळा कळतात, तीन महिन्यांत हे आपलं घर आहे असं तिला वाटायला लागतं. बुजऱ्या मांजरीला यापेक्षाही जास्त लागू शकतं. माझ्याकडून गेलेली एक मांजर नवव्या दिवशी परत आली. माणसं चांगली होती, पण म्हणाली की ती दिसतच नाही हो, मांजर आहे असं वाटतच नाही घरात. मला फार वाईट वाटलं, कारण त्या नऊ दिवसांत ती रोज खात होती, ट्रे बरोबर वापरत होती, म्हणजे तिच्या बाजूने सगळं नीट चाललं होतं.

तीच पुढे माझ्याकडे पाच महिने राहिली. शेवंती नाव ठेवलं होतं, पिवळी-पांढरी म्हणून. छोट्या बेडरूममध्ये कपाटाशेजारी एक पुठ्ठ्याचं खोकं आडवं करून ठेवलं, आत माझा जुना सुती गाऊन टाकला, आणि रोज रात्री जेवणं झाली की मी तिथे जमिनीवर तिच्याकडे पाठ करून बसायचे आणि पेपर मोठ्याने वाचायचे, अगदी बाजारभावसुद्धा. हात तिच्याकडे न्यायचाच नाही असं ठरवलं होतं. दोन आठवड्यांनी लांब दांड्याच्या लाकडी चमच्यावर उकडलेल्या चिकनची पेस्ट लावून खोक्याच्या तोंडाशी धरली, तर आधी फिस्कारली, मग नाक पुढे आलं, मग जीभ. पुढचे कितीतरी दिवस तो चमचा रोज बोटभर जवळ आणत गेले. एका रात्री चमचा चाटून झाल्यावर तिने गाल माझ्या बोटावर घासला आणि लगेच आत पळाली. एवढंच झालं, पण मी तिथेच बसून रडले.

खोक्याचं उगाच सांगत नाहीये. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या एका शेल्टरमध्ये नवीन आलेल्या मांजरींवर अभ्यास झाला होता, काहींना लपायला खोकं दिलं, काहींना नाही, तर खोकं मिळालेल्या मांजरी पहिल्या काही दिवसांतच जास्त निवांत दिसल्या. तसंच डोळे सावकाश मिटून उघडायचे, २०२० मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी हेही तपासलंय, माणसाने असं केलं की मांजरी तसंच उत्तर देतात आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळही जास्त येतात. पिल्लाला यातलं काही लागत नाही, त्याला दोरी हलवून दाखवली की झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बुजरी म्हणजे नक्की कुठल्या प्रकारची बुजरी. मांजराच्या पिल्लाचं माणसाशी जमतं ते मुख्यतः २ ते ७ आठवड्यांच्या वयात. त्या काळात ज्यांना माणसाचा हात लागलेलाच नाही ती मोठेपणी माणसाला धोकाच समजतात, आणि त्यांना फ्लॅटमध्ये कोंडणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांच्या ओळखीच्या जागेत खाऊपिऊ घालणारं कुणीतरी असलं की बरं. पण शेल्टरमध्ये कोपऱ्यात बसलेल्या बऱ्याच मांजरी अशा नसतात. त्या कुणाच्या तरी घरात वाढलेल्या असतात, मालकाची बदली झाली, घरात बाळ आलं, सांभाळणाऱ्या आजी गेल्या, आणि ही एकदम तीस मांजरी, कुत्र्यांचं भुंकणं, फिनेलचा वास यात येऊन पडली. ती मिटून जाते. तिला घर मिळालं की तीच मांजर हळूहळू परत उमलते, हे मी अनेकदा बघितलंय.

ओळखायचं कसं? पिंजऱ्याजवळ अर्धा तास बसा, तिच्याकडे न बघता. तुम्ही असताना ती खाते का, निदान कान तुमच्या आवाजाकडे वळतात का, चमच्याने गालाला हलकेच स्पर्श केला तर फक्त आकसते का किंचित टेकते. शेल्टरमधल्या माणसांना विचारा की संध्याकाळी सगळं शांत झाल्यावर ती काय करते, कारण पिंजरा साफ करणाऱ्या मावशींना जे माहीत असतं ते अ‍ॅडॉप्शनच्या फॉर्मवर कधीच नसतं. महिनोन्‌महिने जराही फरक नाही, रात्रीही नाही, तर मात्र विचार करा.

तब्येत आणि खर्च यात मोठी मांजर सरळसरळ पुढे आहे. पिल्लाला साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी लस, हे १६ आठवड्यांचं होईपर्यंत, १२ आठवड्यांनंतर रेबीजची, मध्ये जंताचं औषध, पुढे पाच-सहा महिन्यांचं झालं की नसबंदी. शेल्टरमधल्या मोठ्या मांजरीचं हे बहुतेक झालेलं असतं, फक्त कागद मागून घ्या आणि एफआयव्ही व एफईएलव्ही या मांजरींच्या दोन व्हायरसची टेस्ट झालीय का ते विचारा. अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते, घरात आधी एखादं मांजर पॅनल्युकोपेनिया या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराने गेलं असेल तर त्याचा व्हायरस घरात वर्षभरसुद्धा टिकू शकतो, अशा घरात लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणूच नका, लस झालेली मोठी मांजर आणा.

बुजऱ्या मांजरीच्या बाबतीत एक धोका मात्र डोक्यात ठेवाच. भीतीने तिने खाणं सोडलं तर चार दिवसांनी खाईल म्हणून वाट बघायची नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर लिव्हरवर चरबी साठायला लागते आणि त्यात जीव जाऊ शकतो, जाड मांजर असेल तर अजून लवकर. २४ तास काहीच खाल्लं नाही तर शेल्टरला फोन, ४८ तासांच्या आत डॉक्टर. पिल्लाला तेवढाही वेळ नाही, अर्धा दिवस खाल्लं नाही आणि मलूल पडलं तर लगेच उचलून न्यायचं.

वेळेचं बोलायचं तर एकटं पिल्लू आणि नऊ-दहा तास बंद घर हे मला पटतच नाही. त्याला खेळायला कुणी नसलं की ते तुमच्या हातापायांशी खेळतं, चावतं, बोचकारतं, आणि तीच सवय पुढे राहते, म्हणून पिल्लू घ्यायचंच तर दोन भावंडं घ्या. मोठी मांजर दिवसातले १२ ते १६ तास झोपतेच, तुम्ही ऑफिसला गेलात की बुजरीला उलट हायसं वाटतं, ती तेव्हाच बाहेर येऊन घर हुंगून घेते.

घरात आधीची मांजर असेल तर? शेल्टरला विचारा की हिचं इतर मांजरींशी जमतं का. जमत असेल तर फार चांगलं, कारण घरातली धीट मांजर माणसाच्या पायात घुटमळताना बघून बुजरीलाही धीर येतो. पण पहिले काही दिवस दाराआडूनच वास घेऊ दे, एकदम समोरासमोर नको.

जाळी दोघांनाही हवीच, खिडक्यांना आणि बाल्कनीला. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर कुरतडू शकते, मी स्टीलची सांगेन. पिल्लू खेळताना पडतं, बुजरी मांजर घाबरून पळताना निसटते. पहिला महिनाभर मुख्य दरवाजा उघडताना तिची खोली बंद आहे ना ते आधी बघायचं, दूधवाला येवो नाहीतर कुरियर. बेडच्या बॉक्सची फट, किचन ट्रॉलीच्या खालची जागा, वॉशिंग मशीनच्या मागची बाजू आधीच बुजवून ठेवा, तिथे शिरली तर तिला ओढून काढावं लागतं आणि मग आठवड्याभराची मेहनत वाया जाते.

पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर बुजरी मांजर नको, हे मी स्पष्ट सांगते, आणि तसं तर एवढुसं पिल्लूही नको, कारण लहान मुलं ते दाबून धरतात. अशा घराला तिसरा पर्याय आहे, शेल्टरमधली धीट मोठी मांजर, जी आपणहून येऊन अंग घासते. आजी-आजोबांच्या घरात मात्र माझी पहिली पसंती बुजरीलाच. पिल्लू पायात येतं, तोल जाऊन पडायची भीती असते. आणि त्या घरात आवाज कमी असतो, जेवणाच्या, झोपेच्या वेळा ठरलेल्या, कुणीतरी कायम असतं.

सणांचंही बघा. गणपतीत कोकणात जायचं असेल तर पिल्लू मागे ठेवता येत नाही. बुजऱ्या मांजरीला घर सोडायला लावू नका, एखादी ओळखीची व्यक्ती दिवसातून दोनदा येऊन खाणं-पाणी-ट्रे बघेल अशी सोय करा, ती पाहुण्यांच्या घरी किंवा बोर्डिंगमध्ये परत पहिल्या दिवसावर जाते. दिवाळीत दोघांनाही आतली खोली, पडदे बंद, लपायला खोकं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तर कुठलीही मांजर घरी आणू नका.

भाड्याने राहत असाल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये तसं परिपत्रक काढलंय, पण घरमालकाशी वाद झाला की त्रास मांजरीलाच. आणि येत्या सहा महिन्यांत घर बदलायचं ठरलं असेल तर बुजरी मांजर शिफ्टिंगनंतरच आणा.

तरीही ठरत नसेल तर आधी फोस्टर म्हणून न्या, बऱ्याच संस्था देतात. फक्त बुजऱ्या मांजरीसाठी पंधरा दिवस मागू नका, तीन महिने मागा. नाहीच जमलं तर परत करताना ती काय खाते, कुठे झोपते, कशाला घाबरते हे सगळं लिहून द्या, पुढच्या घराला त्याचा खूप उपयोग होतो. शेवंतीच्या वेळी त्या पहिल्या घराने मला सांगितलं होतं की तिला उकडलेलं चिकन आवडतं, त्याच्यावरच माझं सगळं पुढचं गाडं चाललं. आता ती चिंचवडला एका रिटायर्ड जोडप्याकडे असते, काका दुपारी आडवे झाले की त्यांच्या पोटरीला पाठ टेकून झोपते, पाहुणे आले की अजूनही बेडखाली जाते आणि त्यांचं त्यावर काहीच म्हणणं नाही.

मैत्रिणीला एवढंच सांगितलं की शनिवार-रविवारी जाऊ नकोस, तेव्हा गर्दी असते आणि ती तुला भिंतीकडे तोंड केलेलीच दिसेल. मधल्या वारी, दुपारी तीनच्या सुमाराला जा, परफ्यूम लावू नकोस, लाकडी चमचा बरोबर ने, आणि तिच्याकडे पाठ करून बस.