चिऱ्याच्या घरात मेश राउटर: पावसाळा आणि चवथ काढल्यानंतरचा अनुभव

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं आमचं घर जुनं, चौकाचं. मधे राजांगण, भोवती खोल्या, आणि भिंती हातभर रुंद चिऱ्याच्या. फायबरचा डबा बसला बाहेरच्या सोप्यात. तिथे स्पीड झकास, माजघरात रडतखडत, आणि मागच्या खोलीत, जिथे मी ऑफिसचं काम करते, तिथे मीटिंगमध्ये समोरच्याचं उघडलेलं तोंड उघडंच राहायचं. फोनवरच्या ॲपने सिग्नलची ताकद मोजली तर सोप्यात उणे 45 डीबीएम, मागे उणे 82 (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). दर 3 डीबीला ताकद निम्मी होते, त्यावरून भिंती किती खातात ते कळतं.

आधी रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, होता. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण अर्धा होतो. मग वायफाय 6 चा दोन नगांचा मेश संच आणला, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर एकच वायफाय देणारे राउटर. उन्हाळ्यात फरक पडला, छान पडला. पाऊस लागला तसा मागचा नग पुन्हा कुरकुरायला लागला. चिरा सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो, आणि ओली भिंत सिग्नल जास्त गिळते. वायफायच्या दोन लहरींपैकी 5 गिगाहर्ट्झचा तर फार. 2.4 त्यातल्या त्यात आरपार जातो, पण त्यावर शेजाऱ्यांचीही गर्दी. तिथे चॅनेल 1, 6 किंवा 11 यांतलाच, मोकळा असेल तो लावावा. बाकीचे एकमेकांवर चढतात.

खरा उपाय निघाला वायरचा. माळ्यावरून पीव्हीसी पाइपातून कॅट 6 ही नेटवर्कची केबल ओढली (पाइप उंदरांसाठी, तो टाळू नका) आणि दोन्ही नग तिने जोडले. आता मधल्या भिंतींशी काही देणंघेणंच उरलं नाही. दुसरा नग राजांगणाच्या दारासमोर ठेवलाय. सिग्नल उघड्या चौकातून पलीकडच्या दारांत शिरतो. कोनाड्यात किंवा लोखंडी कपाटावर ठेवला असता तर हे झालं नसतं. मागच्या खोलीत आता उणे 55 च्या आसपास मिळतं.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घर भरलं. मुंबई-पुण्याची भावंडं, त्यांची मुलं, प्रत्येकाच्या हातात फोन. माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची मांडणी) बांधताना काकूंनी सगळं लाइव्ह दाखवलं, मध्ये एकदाही तुटलं नाही. बाबा त्याच वेळी माजघरात यूट्यूबवर नाटक बघत होते. माझ्यासाठी हीच परीक्षा होती.

तक्रार एकच, विजेची. फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही, पण तांब्याची केबल आणि ॲडॅप्टर यांतून झटका येऊ शकतो. म्हणून गडगडायला लागलं की मी प्लग आणि केबल दोन्ही काढते. लाइट जाते तेव्हा 12 व्होल्टचा मिनी यूपीएस डबा आणि पहिला नग सांभाळतो. घेताना ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

कुळागरात (घरामागच्या सुपारी-नारळाच्या बागेत) मात्र रेंज पोचत नाही, आणि त्यासाठी तिसरा नग घ्यावा असं मला वाटत नाही.

ज्यांचं घर असंच चिऱ्याचं आहे त्यांनी पैसे आधी केबलवर घालावेत, महागड्या राउटरवर नंतर. केबल शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती नको. आणि जोडल्यावर राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर लिंकचा वेग 1000 एमबीपीएस दाखवतोय ना ते बघा. 100 दाखवत असेल तर बहुधा टोकाची एखादी तार नीट बसलेली नसते, वायरमन जायच्या आधीच त्याच्याकडून पुन्हा दाबून घ्या.